चेटकिणींच्या गावात एक शनिवार

झाडू, टोकदार टोप्या, काळी मांजरं आणि महिनाभर चालणारा हॅलोविन! बोस्टनजवळचं सेलम म्हणजे विच-फॅन मंडळींची पंढरीच. पण टीव्हीवरची जादू बघून तिकडे निघाला असाल, तर गावातली वीस दगडी बाकं अजिबात चुकवू नका.

नेटफ्लिक्सवरची 'चिलिंग अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सब्रीना' ज्यांनी रात्र-रात्र जागून संपवली, त्यांना दहावा एपिसोड वेगळा सांगायला नको. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पहिल्या भागाचा हा शेवट, नाव 'द विचिंग अवर'. ग्रीनडेल गावातल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तेरा चेटकिणींना फासावर लटकवलेलं असतं. त्या तेराजणी परत येतात, सोबत मृत्यूचा लाल देवदूत येतो आणि अख्ख्या गावाचा हिशोब चुकता करायचं ठरतं. चक्रीवादळ येतंय अशी हूल उठवून गावकऱ्यांना शाळेत गोळा केलं जातं. इकडे सोळा वर्षांची, अर्धी माणूस आणि अर्धी चेटकीण असलेली सब्रीना गाव वाचवण्यासाठी सैतानाच्या वहीत सही करते आणि नरकातली आग बोलावून त्या तेराजणींना जाळून टाकते. केस एकदम पांढरेशुभ्र. खेळ खल्लास!

एपिसोड भन्नाट आहे, वादच नाही. पण त्यातली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. त्या तेराजणी खरोखरच चेटकिणी असतात. म्हणजे गावाने केलं ते क्रूर होतं, पण माणसं ओळखायला गाव चुकलं नव्हतं. या जातीच्या बहुतेक सीरियल्सचा हाच फंडा असतो. सूड घ्यायला परत यायचं, तर अंगात पॉवर नको?

ग्रीनडेल तुम्हाला नकाशावर सापडणार नाही. सीरियलचं शूटिंग झालं ते कॅनडात, व्हँकूव्हरच्या आसपास. पण सब्रीनाच्या मांजराचं नाव आठवा. सेलम! नव्वदच्या दशकातली ती हलकीफुलकी 'सब्रीना, द टीनेज विच' आठवते ना? जिच्यावरून आपल्याकडे फरीदा जलालची 'शरारत' सुचली, तीच. त्यातल्या बोलक्या मांजराचं नावही सेलम आणि एका एपिसोडमध्ये सब्रीनाच्या शाळेची सहल जाते तीही सेलमलाच. टीनेजर चेटकिणींच्या सगळ्या वाटा शेवटी या एका गावाकडे वळतात. हे गाव मात्र शंभर टक्के खरं आहे. (तमिळनाडूतलं सेलम वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही!)

ट्रेनमध्येच हॅलोविन

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर सेलम आहे. वस्ती जेमतेम ४४ हजार. आपल्याकडचा एखादा तालुका याहून मोठा असेल. पण एकट्या ऑक्टोबर महिन्यात इथे अलीकडे दहा लाखांहून जास्त लोक येतात. 'हॉन्टेड हॅपनिंग्ज' नावाचा त्यांचा फेस्टिव्हल १९८२ साली छोट्या प्रमाणावर सुरू झाला आणि आता महिनाभर चालतो.

माझी मावसबहीण बोस्टनला असते. तिच्याकडे मुक्काम होता, म्हणून गाडीने जाऊ असं मी सुचवलं. ताईने हात जोडले. "अगं, ऑक्टोबरमधल्या शनिवारी सेलमला गाडी घेऊन जाणं म्हणजे गणपतीत लालबागला गाडी घेऊन जाणं!"

तेव्हा आम्ही सकाळी नॉर्थ स्टेशनवरून लोकल पकडली. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. डब्यात शिरलो तेव्हा समोरच्या सीटवर तीन चेटकिणी बसून कॉफी पीत होत्या. पलीकडे एक व्हॅम्पायर, बाबागाडीत भोपळ्याच्या वेशातलं तान्हं बाळ आणि दाराशी आपल्या सब्रीनासारखा लाल कोट, काळा हेअरबँड घातलेल्या दोन कॉलेजकन्यका. साध्या जीन्समध्ये आम्ही दोघीच. वेगळं दिसण्याचा मान त्या दिवशी आम्हाला!

झाडूवरची बाई आणि पोलिसांची गाडी

स्टेशनपासून दहा मिनिटं चाललात की गावाचा मध्य लागतो. एसेक्स स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीट जिथे एकमेकांना छेदतात, तिथे एका छोट्या बागेत ब्राँझचा भलामोठा पुतळा आहे. चंद्रकोरीपुढे झाडूवर बसून हसणारी समांथा. ही 'बिविच्ड' या साठच्या दशकात सुरू झालेल्या गाजलेल्या सीरियलची नायिका. १९७० साली या सीरियलचे काही एपिसोड सेलममध्ये येऊन शूट केले गेले आणि गावाच्या टुरिझमला पहिला मोठा किक मिळाला, असं इथले लोक मानतात. पुतळा २००५ साली एका टीव्ही चॅनेलने बसवला. तेव्हा बरीच बोंबाबोंबही झाली होती. निरपराध माणसांना जिथे फाशी झाली, तिथे कॉमेडी सीरियलचा पुतळा कशाला, असं विचारणारे लोक गावातच होते. आता मात्र फोटोसाठी त्याच्यापुढे रांग असते.

चेटकीण या गावाच्या अंगात भिनलीये. पोलिसांच्या गाडीवर झाडूवर उडणारी चेटकीण. हायस्कूलच्या टीमचं नाव 'विचेस'. टी-शर्ट, मग, साबण, मेणबत्त्या, चॉकलेट... जे विकता येतं त्या सगळ्यावर ती. टॅरो वाचणारे, हात बघणारे तर पावलापावलावर. यातले काही लोक स्वतःला खरोखर विच म्हणवतात आणि विका हा आपला धर्म मानतात. लॉरी कॅबट या बाईंना तर १९७७ साली राज्याच्या गव्हर्नरनी 'सेलमची विच' असा किताबच देऊन टाकला होता.

सब्रीनाच्या फॅन्ससाठी इथे आणखी एक खास पत्ता आहे. सीरियलमधल्या चेटूकविद्यालयात बोकडाच्या डोक्याचा तो भीतीदायक पुतळा आठवतोय? सेलममध्ये मुख्यालय असलेल्या 'सॅटॅनिक टेंपल' या संघटनेने २०१८च्या नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्स आणि वॉर्नर ब्रदर्सवर दावा ठोकला की हा आमच्या पुतळ्याचा डिट्टो आहे! मागणी होती पाच कोटी डॉलर्सची. त्याच महिन्यात तडजोड झाली. काल्पनिक ग्रीनडेल आणि खरं सेलम यांची गाठ कोर्टात पडली म्हणायची.

आणि सर्वात धमाल किस्सा रॉजर कोनंटचा. 'सेलम विच म्युझियम'समोर लांब झगा आणि उंच टोपी घातलेला एक करारी पुतळा आहे. येणारा प्रत्येक टुरिस्ट त्याला चेटकीण समजून फोटो काढतो. प्रत्यक्षात हे गृहस्थ १६२६ साली सेलम वसवणारे संस्थापक. चेटूकाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. केवळ दिसण्यावरून लेबल चिकटवायची सवय या गावाला जुनीच आहे. ती कुठपर्यंत गेली, हे बघायला आता थोडं मागे जाऊ.

१६९२ मध्ये झालं काय?

त्या काळी इथे प्युरिटन लोकांची वसाहत होती. कडक धार्मिक, सैतानावर देवाइतकाच ठाम विश्वास असलेली माणसं. उत्तरेकडे मूळनिवासी आणि फ्रेंचांशी लढाई चालू, तिथून जीव वाचवून आलेली कुटुंबं गावात, थंडी मरणाची आणि जमिनीवरून, धर्मगुरूच्या पगारावरून शेजाऱ्यांमध्ये पिढीजात भांडणं. ठिणगी पडायला एवढा पालापाचोळा पुरेसा होता.

ती पडली धर्मगुरू सॅम्युअल पॅरिस यांच्या घरात. जानेवारी १६९२. त्यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि नात्यातली अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल यांना झटके यायला लागले. किंचाळणं, अंग वाकडंतिकडं करणं, कुणीतरी चिमटे काढतंय म्हणून ओरडणं. डॉक्टरांनी निदान केलं, बाहेरची बाधा! (वाक्य ओळखीचं वाटलं ना?) लवकरच आणखी मुलींना तसंच व्हायला लागलं. बारा वर्षांची अ‍ॅन पुटनम, सतरा वर्षांची एलिझाबेथ हबर्ड... बहुतेक जणी टीनएजर. कोणी केलं सांगा, असा मोठ्यांनी लकडा लावला तेव्हा मुलींनी तीन नावं घेतली.

ती तीन नावं बघा. सारा गुड, दारोदार भीक मागणारी. सारा ऑस्बोर्न, आजारी, चर्चला न जाणारी, प्रॉपर्टीच्या वादात अडकलेली. आणि टिट्युबा, पॅरिसच्या घरातली गुलाम. ज्यांच्या बाजूने गावात कोणीही उभं राहणार नाही, अशा तिघी.

सारा गुडविरुद्धच्या साक्षी तर वाचाव्यात अशा आहेत. ती दारातून पुटपुटत गेली आणि नंतर आमची गुरं मेली, हा पुरावा! शेजारणीशी झालेलं भांडण, मग आजारी पडलेलं जनावर, मग संशय. नंतरच्या अनेक खटल्यांचीही गोष्ट हीच.

सैतानाची वही खरंच होती!

निदान कोर्टाच्या कागदावर तरी होती. टिट्युबाने चौकशीत कबुली दिली. पिवळा पक्षी, मांजरं, बोस्टनहून आलेला उंच माणूस आणि त्याच्याकडची एक वही. त्या वहीत मी खूण केली, म्हणाली, आणि आणखी नऊ खुणा मी पाहिल्या. झालं! नऊपैकी उरलेल्या कोण, या शोधात गाव वेडं झालं. सब्रीना दहाव्या एपिसोडमध्ये सही करते ती सैतानाची वही हिच्याच गोतावळ्यातली आहे. फरक एवढाच की सब्रीनाला सही केल्यावर ताकद मिळते आणि टिट्युबाला कबुली दिल्यावर मिळाला तुरुंग. मालकाने मारून आपल्याकडून हे वदवून घेतलं, असं तिने नंतर सांगितल्याची नोंद आहे. वर्षभराहून जास्त काळ ती तुरुंगात राहिली आणि शेवटी तिच्या खाण्यापिण्याचा खर्च भरणाऱ्याला विकली गेली. त्यापुढे इतिहासात तिचा पत्ता लागत नाही.

पण टिट्युबा जगली. कारण या खटल्यांचा उफराटा नियमच तो होता. गुन्हा कबूल करा, आणखी चार नावं सांगा आणि तुम्ही वाचाल. मी चेटकीण नाही, असं ठामपणे म्हणालात तर फास.

एकाहत्तर वर्षांच्या रेबेका नर्सचंच घ्या. गावात जिच्याबद्दल सगळे आदराने बोलायचे अशी, कानांनी कमी ऐकणारी आजी. ज्युरीने तिला आधी निर्दोष ठरवलं. त्याबरोबर कोर्टात मुलींनी आकांत मांडला. न्यायाधीशांनी ज्युरीला फेरविचार करायला सांगितलं आणि निकाल फिरला. जॉर्ज बरोज हा तर स्वतः धर्मगुरू. सैतानाच्या माणसाला प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही अशी समजूत होती. फास गळ्यात असताना त्याने अख्खी प्रार्थना न अडखळता म्हटली. गर्दी चुळबुळली. तरी त्याला लटकवलं. सारा गुडच्या जेमतेम चार-पाच वर्षांच्या मुलीलाही कैदेत टाकलं होतं. साखळदंडांत!

आणि पुरावा काय? तर 'स्पेक्ट्रल एव्हिडन्स', म्हणजे आरोपीचं भूत येऊन आम्हाला छळतं, ही मुलींची साक्ष. भूत फक्त साक्षीदाराला दिसणार, मग आरोपीने बचाव करायचा कसा? तुम्ही त्या वेळी घरी झोपला होतात म्हटलंत, तरी उपयोग नाही.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत १९ जणांना फाशी झाली. चौदा बायका, पाच पुरुष. विसावा जाइल्स कोरी, ऐंशीच्या घरातला शेतकरी. खटला चालवून घ्यायलाच त्याने नकार दिला. तो तयार व्हावा म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत गेले. दोन दिवसांनी तो मेला. आणखी वजन ठेवा, एवढंच तो म्हणाला, असं लोक सांगतात. तीन दिवसांनी त्याच्या बायकोलाही फाशी दिली. याशिवाय किमान पाचजण तुरुंगातच गेले. सीरियलमध्ये आग दिसते, पण सेलममध्ये जाळलं कुणालाही नाही. इंग्लंडच्या कायद्यात चेटूकाला शिक्षा फाशीचीच होती. सगळं कायदेशीर, न्यायाधीशांच्या सहीनिशी.

यातल्या जोनाथन कॉर्विन या न्यायाधीशाचं घर एसेक्स स्ट्रीटवर आजही उभं आहे. काळपट लाकडी, टोकदार छपरांचं. खटल्यांशी थेट नातं असलेली सेलममधली ही एकमेव शिल्लक इमारत. बोर्डावर नाव आहे 'द विच हाउस'. गंमत बघा, ज्या घराला चेटकिणीचं घर म्हणतात, त्यात राहत होता चेटकिणी ठरवणारा.

वीस बाकं

दुपारी गर्दी एवढी वाढली की एसेक्स स्ट्रीटवर खांद्याला खांदा लागत होता. तिथून दोन मिनिटांवर लिबर्टी स्ट्रीटला वळलात की एका जुन्या कब्रस्तानाला लागून खटल्यातल्या मृतांचं स्मारक आहे. १९९२ साली, घटनेला तीनशे वर्षं झाली तेव्हा, नाझी छळछावणीतून वाचलेले नोबेल विजेते लेखक एली विझेल यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

पुतळा नाही, लाइट अँड साउंड शो नाही. दगडी भिंतीने वेढलेली हिरवळ, काही झाडं आणि भिंतीतून बाहेर आलेले ग्रॅनाइटचे वीस चौकोन. बाकासारखे. प्रत्येकावर फक्त नाव, मृत्यूचा प्रकार आणि तारीख. ब्रिजेट बिशप, फाशी, १० जून १६९२. पुढे एकेका तारखेला पाच, पाच आणि शेवटी आठ नावं. आत शिरतानाच्या उंबऱ्याच्या दगडांवर आरोपींची वाक्यं कोरली आहेत, आम्ही निर्दोष आहोत अशा अर्थाची. ती वाक्यं भिंतीखाली मधेच कापली जातात. डिझाइनची चूक नाही, तसंच केलंय. कोर्टानेही त्यांचं बोलणं असंच अर्ध्यावर तोडलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा एका बाकावर चौघांचा ग्रुप फ्राइज खात बसला होता. टोकदार टोप्या, हसणं-खिदळणं, सेल्फी. त्यांना बोलावं असंही वाटेना, कारण ते दिसतं बाकासारखंच आणि बाक बसायलाच असतो. शेजारच्या रेबेका नर्सच्या दगडावर कुणीतरी एक ताजं फूल ठेवलं होतं. ताई बराच वेळ एकेक नाव वाचत फिरली. मग म्हणाली, "यातली एक जरी खरी चेटकीण असती ना, तरी वाचली असती."

'द विचिंग अवर'मधल्या तेराजणींना परत येता येतं. गावाला घाबरवता येतं. या वीसजणांकडे तसलं काहीच नव्हतं. त्यांच्यातर्फे भांडायला जिवंत माणसंच लागणार होती.

औषधांच्या दुकानामागचा खडक

फाशी नेमकी कुठे दिली, हेही सेलम बराच काळ विसरलं होतं. 'गॅलोज हिल'वर, एवढं मोघम माहीत होतं. सिडनी पर्ली या स्थानिक इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकी जागा सांगितली होती, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अभ्यासकांच्या एका गटाने जुन्या साक्षी, नकाशे आणि नव्या तंत्राने पुन्हा तपासणी केली आणि २०१६च्या जानेवारीत जाहीर केलं, जागा टेकडीचा माथा नव्हे, तर खालचा 'प्रॉक्टर्स लेज' हा खडकाळ उतार. आज त्याच्या पुढे वॉलग्रीन्स हे औषधांचं दुकान आहे आणि आजूबाजूला साधी घरं. जमीन इतकी उथळ खडकाळ की तिथे कुणाला पुरलेलं असण्याची शक्यता नाही.

१९ जुलै २०१७ला, एका दिवसात पाच बायकांना फाशी दिली त्याला ३२५ वर्षं झाली त्या दिवशी, इथे छोटं स्मारक उघडलं. अर्धगोल दगडी भिंत, त्यात १९ नावं, मध्ये ओकचं एक झाड. गावाच्या मध्यापासून वीस-पंचवीस मिनिटं चालत गेलो. दहा लाखांच्या गर्दीतल्या त्या शनिवारी तिथे आम्ही दोघी आणि कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा. बस्स.

आठवीचा वर्ग

नावं धुऊन निघायलाही असाच उशीर लागला. बारा वर्षांच्या वयात साक्षी देणाऱ्या अ‍ॅन पुटनमने १७०६ साली चर्चमध्ये जाहीर माफी मागितली. खटल्यातल्या मुलींपैकी तिनेच. १७११ साली सरकारने २२ जणांवरचे निकाल रद्द करून नुकसानभरपाई दिली. बाकीच्यांसाठी १९५७ आणि २००१ साली पुन्हा कायदे करावे लागले. तरीही एक नाव राहिलंच. एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअर. १६९२ मध्ये २२ वर्षांची, अँडोव्हर गावची. तिला फाशीची शिक्षा झाली होती, पण गव्हर्नरने ती थांबवल्यामुळे ती वाचली. पुढे लग्न नाही, मूलबाळ नाही. इतरांच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या पाठपुरावा केला. हिच्यासाठी अर्ज करायला कोणी उरलंच नव्हतं.

मग ते काम नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी केलं. नागरिकशास्त्राचा प्रोजेक्ट म्हणून! कागदपत्रं शोधली, आमदारांना पत्रं लिहिली, विधेयकाचा मसुदा करायला मदत केली. आणि २०२२च्या जुलैमध्ये, ३२९ वर्षांनंतर, एलिझाबेथचं नाव अधिकृतपणे निर्दोष झालं. ज्या वयाच्या मुलींच्या शब्दावर माणसं फासावर गेली, साधारण त्याच वयाच्या मुलांनी यादीतलं शेवटचं नाव सोडवलं. टीनएजर आणि चेटकीण या विषयावरची याहून भारी स्टोरी कुठल्या सीरियलमध्ये असेल तर मला जरूर सांगा!

'गाईचं दूध आटवते'

हे सगळं वाचून 'काय येडे लोक होते' म्हणून पान उलटू नका. सातपुड्यातल्या पाड्यांवर, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, बाईला 'डाकीण' ठरवून छळण्याचे प्रकार आपल्या काळातले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तिथे वर्षानुवर्षं काम करतायत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडत होते, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी राज्यात आला.

त्या कायद्याची यादी एकदा वाचाच. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते, ती सैतान आहे, असं जाहीर करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. सारा गुड दारातून गेली आणि गुरं मेली, ही साक्ष आठवली? फरक हा की सेलमच्या कायद्याने आरोप झालेलीला पकडलं आणि आपला कायदा आरोप करणाऱ्याला पकडतो. मधली तीनशे वर्षं या एका वाक्यात मावतात.

मग धमाल करायची की नाही?

करायची, अगदी फुल्टू करायची! सेलमचे लोकही करतात. शोकात बुडून राहा असं कोणी सांगत नाही. 'होकस पोकस'मधली घरं बघा, झाडूवरच्या समांथासोबत फोटो काढा, टोपी विकत घ्या. फक्त क्रम बदला. सकाळी गर्दी व्हायच्या आत लिबर्टी स्ट्रीटला जा, वीस नावं वाचा, मग दुकानांकडे वळा. दुपारी तीच टोपी घालताना तिची किंमत कोणी मोजली होती, हे तुम्हाला ठाऊक असेल. आणि फ्राइज खायला गावात दुसरी भरपूर बाकं आहेत.

सेलम टिप्स

कसं जाल: मुंबईहून लंडन, दुबई किंवा दोहामार्गे बोस्टन. तिथल्या नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्ट किंवा रॉकपोर्टच्या लोकलने अर्धा तास. सीझनमध्ये बोस्टनहून फेरीबोटही असते. समुद्र आवडत असेल तर तीच घ्या.

कधी जाल: जत्रा बघायची तर ऑक्टोबर, पण शनिवार-रविवार टाळा आणि म्युझियमची तिकिटं आधीच बुक करा. शांतपणे बघायचं तर मे-जून.

सिनेमावेड्यांसाठी: १९९३च्या 'होकस पोकस'मधलं अ‍ॅलिसनचं घर म्हणजे एसेक्स स्ट्रीटवरचं रोप्स मॅन्शन. बाहेरून फोटो काढता येतो.

पुस्तकवेड्यांसाठी: 'हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' हे १६६८चं घर. याच नावाची कादंबरी लिहिणारे नॅथनिएल हॉथॉर्न सेलमचे आणि खटल्यातले न्यायाधीश जॉन हॅथॉर्न त्यांचे पूर्वज.

मुंबईकरांसाठी: पीबॉडी एसेक्स म्युझियम. १७९९ साली पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या जहाजांच्या कप्तानांनी सुरू केलेलं. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं चित्र त्यांच्या संग्रहात आहे आणि आधुनिक भारतीय चित्रकलेचा हर्विट्झ संग्रहही. कुठली चित्रं मांडली आहेत ते आधी बघून जा.

जास्त वेळ असेल तर: आठेक किलोमीटरवर डॅनव्हर्स. १६९२चं मूळ 'सेलम व्हिलेज' हेच. पॅरिसच्या घराचा पाया आणि रेबेका नर्सचं शेतघर इथे आहे. दुकानं नाहीत, रांगा नाहीत.